विकायचंच नाही, मग भाव पडला तर काय?

"फ्लॅटचे भाव पडलेत म्हणे. पडू देत! आपल्याला कुठे विकायचाय?"

हा प्रश्न वेडगळ नाही. राहतं घर म्हणजे काही बाजारात मांडलेला माल नव्हे. भाव चढला म्हणून एक खोली वाढत नाही आणि उतरला म्हणून छप्पर खाली येत नाही. तरीही घरबांधणीत मंदी आली की, ज्यांना विकायचं नाही त्यांच्याही खिशाला ओढ लागते. ती कुठून लागते हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहू. त्यासाठी पेण तालुक्यातल्या हमरापूरला जाऊ, कारण बाजारभाव म्हणजे काय हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

१. गणपतीला चतुर्थी असते, फ्लॅटला नसते

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते करत हमरापूरला थांबते. पुढचं स्टेशन पेण. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. वर्षभर साचे भरायचे, मूर्ती सुकवायच्या, रंगवायच्या, डोळ्यांची आखणी करायची आणि चतुर्थीच्या आत माल मुंबई-पुण्याकडे रवाना करायचा, असा इथला क्रम.

कारखानदाराला मंदी लगेच कळते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडपात चाळीस मूर्ती उरल्या, तर तो मिळेल त्या भावाला देतो, कारण परवा त्या मूर्तीला गिऱ्हाईक नाही. २०२० मध्ये करोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. मोठ्या मूर्ती ज्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या, त्यांचं नुकसान त्याच हंगामात त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

फ्लॅटला अशी चतुर्थी नसते. विकणारा म्हणतो, "यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू." त्यामुळे घरांच्या बाजारात आधी भाव पडत नाही, आधी गिऱ्हाईक येईनासं होतं. बिल्डर दर तोच ठेवतो आणि वर नोंदणीचा खर्च, स्वयंपाकघराचे कपाट, एसी फुकट देऊ लागतो. दलालांच्या फोनांची संख्या रोडावते. कागदावर भाव जिथल्या तिथे दिसतो, पण त्या भावाला घेणारा कुणी नसतो.

महाराष्ट्राने हे दोनदा तरी नीट पाहिलं आहे. १९९५ च्या सुमारास मुंबईतले भाव शिखरावर होते. तिथून ते उतरले आणि पुढची काही वर्षं बाजार मान वर काढेना. दुसऱ्यांदा झालं ते २०१३ नंतर, आणि तेव्हा भाव पडण्यापेक्षा गोठले. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, २०१७ मधले रेरा (गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) आणि जीएसटी हे मोठे बदल, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था बुडाल्यावर बिल्डरांचा आटलेला कर्जपुरवठा, असे एकामागून एक धक्के बसत गेले.

गोठलेला भावही नुकसान करतो. समजा ३० लाखांचा फ्लॅट सहा वर्षांनीही ३० लाखांचाच आहे आणि महागाई वर्षाला ६ टक्के आहे. सहा वर्षांनंतरच्या त्या ३० लाखांत जे येतं, ते आज साधारण २१ लाखांत येतं. किंमत एक रुपयाही न उतरता नऊ लाखांचं मोल गेलं. ते कुणी चोरलं नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

२. भावात मिसळलेलं विमानतळ

पेण, हमरापूर, जिते या पट्ट्यातल्या फ्लॅटच्या किमतीचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. एक भाग आज मिळणाऱ्या गोष्टींचा : विटा, पाणी, स्टेशन, शाळा. दुसरा भाग उद्या मिळेल म्हणून सांगितलेल्या गोष्टींचा.

हा दुसरा भाग इथे नेहमीच मोठा राहिला. नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण परवानगी मिळाली २०१० मध्ये. विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची म्हणजे 'नैना'ची अधिसूचना निघाली २०१३ मध्ये, आणि त्यात पेण तालुक्यातली काही गावंही आली. पायाभरणी झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि पहिली प्रवासी उड्डाणं झाली त्याच वर्षीच्या नाताळला. परवानगीपासून उड्डाणापर्यंत पंधरा वर्षं गेली. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. ते किती रखडलं हे या रस्त्याने गणपतीला गावी जाणाऱ्या कुणालाही विचारा.

विमानतळ आलं, अटल सेतूही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, म्हणजे जाहिराती खोट्या नव्हत्या. पण वीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याला वचन पाळलं जातं की नाही याइतकंच ते कधी पाळलं जातं हेही महत्त्वाचं असतं. २०१२ मध्ये 'विमानतळाजवळ' घर घेणाऱ्याने कर्जाची तेरा वर्षं विमानाविना फेडली. अशा पट्ट्यात राहण्यासाठी घेणाऱ्यांबरोबर गुंतवणूक म्हणून घेणारेही पुष्कळ असतात, आणि मंदी आली की त्यांचे फ्लॅट कुलूपबंद राहतात. ही कुलपं पुढे आपल्या हिशेबात येणार आहेत.

३. हप्ता : मुद्दल एवढं हळू का उतरतं?

आता एक हिशेब मांडू. फ्लॅट २५ लाखांचा. स्वतःचे ५ लाख, बँकेचं कर्ज २० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये.

पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले. भरलेली रक्कम झाली १० लाख ४१ हजार. कर्ज उरलं किती? बहुतेक जण म्हणतात, "अर्धं फिटलं असेल." प्रत्यक्षात १७ लाख ६० हजारांच्या आसपास उरतं. साडेदहा लाखांतले आठ लाखांहून जास्त व्याजात गेले. यात फसवणूक नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, म्हणून पहिली वर्षं हप्त्याचा मोठा घास व्याजच घेतं.

आता याच वेळी मंदी आली आणि फ्लॅटला २० लाखांच्या वर कुणी देईना. नोकरी गेली, आजारपण आलं, बदली झाली म्हणून विकायची वेळ आली. २० लाखांतून बँकेचे १७.६ लाख गेले, दलालाचे दोन टक्के म्हणजे ४० हजार गेले, हाती राहिले २ लाख. घातले होते सुरुवातीचे ५ लाख आणि वर साडेदहा लाखांचे हप्ते. भाड्याने राहिला असता तर समजा महिना ६ हजारांप्रमाणे पाच वर्षांत ३ लाख ६० हजार गेलेच असते, तेवढे वजा करायला हवेत. तरीही खड्डा मोठाच उरतो.

"विकायचं नाही" हे वाक्य इथे पहिल्यांदा डळमळतं. विकायचं की नाही हे दर वेळी आपण ठरवत नाही. कधी ते नोकरी ठरवते, कधी दवाखाना ठरवतो.

दुसरी गोष्ट व्याजदराची. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या बदलत्या दराच्या नव्या गृहकर्जांचं व्याज बाहेरच्या मापाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेलं आहे. हा दर एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. समजा कुणी ७ टक्क्यांनी २० लाख घेतले होते. हप्ता होता १५,५०६ रुपये. दर साडेनऊ झाल्यावर २० लाखांचं एका महिन्याचं नुसतं व्याजच झालं १५,८३३ रुपये. म्हणजे पूर्वीचाच हप्ता चालू ठेवला, तर त्यात व्याजसुद्धा भागत नाही. दर महिन्याला भरतोय आणि कर्ज वाढतंय, अशी स्थिती. हप्ता वाढवायचा तर तो १८,६४३ रुपये, म्हणजे महिन्याला तीन हजारांवर जास्त.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याची निवड कर्जदाराला द्या, स्थिर दराचा पर्यायही द्या, आणि मुदत अशी ताणू नका की हप्त्यात व्याजही फिटणार नाही. २०२५ मध्ये चार कपाती होऊन रेपो दर सव्वापाचवर आला. दर खाली आले म्हणून हप्ता आपोआप खाली येतो असं मात्र समजू नका. पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. आपल्या कर्जात काय झालं, हे वर्षातून एकदा बँकेत जाऊन लेखी विचारावं.

४. हप्ता महिन्याला, कमाई भाद्रपदात

हमरापूरच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. मूर्तींच्या धंद्यात पैसा मात्र चतुर्थीच्या आगेमागे येतो. वरच्या हिशेबातल्या हप्त्याचे वर्षाचे २ लाख ८ हजार होतात. बारा महिने जाणारा खर्च, तीन महिन्यांत येणारी कमाई. आणि ही कमाईही गेल्या काही वर्षांत कायद्याच्या टांगणीला होती. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला परवानगी दिली. मधली पाच वर्षं माल करायचा की नाही, किती करायचा, हेच धड ठरत नव्हतं.

अशा माणसाला हंगाम संपल्यावर हाती पैसा आला की वाटतं, एकरकमी भरून कर्ज हलकं करावं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँका घेऊ शकत नाहीत, तेव्हा कल्पना चांगली आहे. पण बाजार मंद असताना मी उलटा क्रम सुचवेन. आधी सहा महिन्यांचे हप्ते आणि सहा महिन्यांचा देखभाल खर्च बाजूला काढा. वरच्या हिशेबात नुसते हप्तेच साधारण १ लाख ४ हजार होतात. उरेल ते कर्जात भरा. कर्जात गेलेला पैसा व्याज वाचवतो, पण फाल्गुनात दवाखान्याची गरज पडली तर बँक तो परत देत नाही. तेजीत घर विकून किंवा गहाण ठेवून पैसा उभा करता येतो. मंदीत तीच वाट अडलेली असते, म्हणून रोकड जवळ हवी.

तीही एका ठिकाणी नको. पेणमध्ये हे सांगताना जीभ अडखळते, कारण सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा किती घरांची पुंजी अडकली हे या तालुक्याने भोगलं आहे. तेव्हा ठेवींना विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंत होतं, फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. इथे एक बारकावा आहे : अख्खी गृहनिर्माण सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. चाळीस कुटुंबांचे वीस लाख एकाच बँकेत ठेवले, तर संरक्षण पाच लाखांचंच.

५. शेजारची बंद दारं

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. माझ्या मते मंदीतला सर्वांत कमी बोलला जाणारा, आणि न विकणाऱ्यालाही चुकवता न येणारा ताण हा आहे.

पाच कारखानदारांनी मिळून मूर्ती मुंबईला न्यायला टेम्पो ठरवला. भाडं १० हजार, प्रत्येकी दोन हजार. ऐनवेळी दोघं म्हणाले, "आमचा माल नाही." टेम्पोवाला भाडं कमी करत नाही, त्याला डिझेल तेवढंच लागतं. उरलेल्या तिघांना प्रत्येकी ३,३३३ रुपये पडतात.

इमारत म्हणजे असा रोज धावणारा टेम्पो. चाळीस फ्लॅटच्या इमारतीचा महिन्याचा खर्च समजा ८० हजार : रखवालदार, लिफ्टचा देखभाल करार, जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप, उन्हाळ्यात टँकर, साफसफाई. चाळिसांनी भरले तर प्रत्येकी दोन हजार. आता चौदा फ्लॅट असे धरा की ज्यांचे मालक मुंबईत किंवा परदेशात आहेत, घर विकलं जात नाही, भाडेकरू मिळत नाही, म्हणून त्यांनी देखभालीचे पैसे देणं थांबवलंय. खर्च ८० हजारच. सव्वीस घरांनी तो उचलायचा तर प्रत्येकी ३,०७७. कुणाच्याही पगारात एक पैसा वाढलेला नाही, घराचा भाव उतरलाय, आणि घरात राहण्याची किंमत मात्र दीडपट झालीय.

इथून एक चक्र सुरू होतं. वाढलेली रक्कम न झेपल्याने आणखी चार जण थकतात. बावीस घरांवर ८० हजार म्हणजे प्रत्येकी ३,६३६. मग समिती खर्च कापते. आधी रात्रीचा रखवालदार जातो, मग लिफ्टचा करार. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर भाडेकरू येत नाही. भाडेकरू नाही म्हणून त्या मालकाचा हप्ता थकतो. गिऱ्हाईक फ्लॅट पाहायला येतं, जिन्यातला अंधार पाहतं आणि आणखी दोन लाख कमी सांगतं. त्या भावाला एक व्यवहार झाला की तोच सगळ्या इमारतीचा भाव होऊन बसतो. स्वतःच्या जमिनीवर बांधलेल्या घराला हे होत नाही. शेजारी बुडाला म्हणून आपल्या विहिरीचा पंप बंद पडत नाही. फ्लॅटची मालकी मात्र शेजाऱ्याच्या खिशाशी बांधलेली असते, आणि घेताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

नव्या इमारतीत या चक्राला आणखी एक आरंभ असतो. ताबा देताना बिल्डर एक-दोन वर्षांची देखभाल आगाऊ घेतो. तोवर सगळं सुरळीत वाटतं. आगाऊ रक्कम संपून खरं बिल येतं तेव्हा लोक दचकतात. त्यात पंधरा फ्लॅट बिल्डरकडेच पडून असतील तर त्यांचा वाटा कुणी द्यायचा, यावरून भांडण ठरलेलं. म्हणून करारनाम्यात न विकलेल्या फ्लॅटबद्दलचं कलम सही करण्याआधी शोधून वाचावं.

थकबाकीवर उपाय आहेत. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सोसायटी वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावू शकते. तेवढ्याने भागलं नाही तर सहकार कायद्यातल्या कलम १५४ब-२९ प्रमाणे निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. यात वेळ जातो, म्हणून तीन महिने थकले की लेखी पत्र, सहा महिने थकले की अर्ज, असा नियम सर्वसाधारण सभेत आधीच करून ठेवावा. तसं केलं की ते कुणा एकाविरुद्ध वाटत नाही.

एक गैरसमज दूर करू. "फ्लॅट बंद आहे, मग देखभाल कशाची?" असं पुष्कळ मालक विचारतात. लिफ्ट, रखवालदार, जिन्यातला दिवा हे तुम्ही आत असा वा नसा, इमारतीसाठी आहेत, म्हणून वाटा द्यावाच लागतो. उलट, बिनभोगवटा शुल्क बंद फ्लॅटला लागत नाही, ते भाड्याने दिलेल्या फ्लॅटला लागतं, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. देखभालीतलं सेवाशुल्क १,५०० असेल तर महिन्याला १५० रुपये. एवढ्यासाठी घर रिकामं ठेवणं हा तोट्याचा सौदा आहे. बंद दार उघडून, थोड्या कमी भाड्याने का होईना, कुणी राहायला आलं तर मालकाचा, सोसायटीचा आणि शेजाऱ्यांचा, तिघांचाही भार हलका होतो.

६. सोसायटी की अपार्टमेंट?

महाराष्ट्रात फ्लॅटधारकांची संघटना मुख्यतः दोन प्रकारची असते. सहकारी सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखाली येते. तिथे इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावावर, आणि सभासदाकडे भागदाखला व फ्लॅटचा हक्क. दुसरा प्रकार १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचा. तिथे फ्लॅट तुमच्या मालकीचा, आणि जिना, गच्ची, जमीन यांत तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा.

मंदीत हा फरक पैशात उतरतो. सोसायटीत रखवालदार, सफाई यांचा खर्च प्रत्येक फ्लॅटला सारखा. वन आरके असो वा टू बीएचके, रक्कम तीच. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. खर्च वाढला की लहान घरवाल्याला जास्त चिमटा बसतो. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला मोठा वाटा. शिवाय तिथे थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा कायद्यानेच फ्लॅटवर चढतो, आणि सरकारी-नगरपालिका कर व पहिलं गहाण एवढंच त्याच्या आधी येतं.

७. गच्ची गळते तेव्हा

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धरमतरच्या खाडीकडून खारी हवा येते. इथे गच्ची आणि सळया आधी म्हाताऱ्या होतात. त्यासाठी उपविधींत दोन निधी आहेत : सिंकिंग फंड, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती निधी, किमान पाऊण टक्का. बांधकाम खर्च १० लाख धरला तर वर्षाला २,५०० आणि ७,५००, मिळून १०,०००, महिन्याला साधारण ८३३ रुपये. चाळीस फ्लॅटचे वर्षाला चार लाख.

मंदीत सभेत पहिला ठराव काय येतो? "सध्या निधी थांबवूया, लोकांना परवडत नाही." मला त्या लोकांची अडचण कळते, पण हा ठराव घातक आहे. पाच वर्षं थांबवलं म्हणजे वीस लाख कमी झाले. सहाव्या वर्षी गच्चीचं बारा लाखांचं काम निघालं की प्रत्येकाकडे एकदम तीस हजार मागावे लागतात, आणि जो महिन्याला ८३३ देत नव्हता तो तीस हजार कुठून आणणार? काम पुढे ढकललं जातं आणि सळया गंजत राहतात.

अमेरिकेत मायामीजवळच्या सर्फसाइड इथली शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्याआधी २०१८ मध्येच अभियंत्याने खराबी दाखवली होती, आणि तिथले फ्लॅटधारक सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीचा भार कसा वाटायचा यावर झगडत होते. इतकं लांब जायलाही नको. आपल्याच रायगडात महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारीक गार्डन ही पाच मजली इमारत पडून १६ जण मेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. तिथला प्रश्न बांधकामाच्या दर्जाचा होता. नवी इमारत म्हणून निधी नको म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं.

८. हप्ता चुकणार असं दिसलं तर

बहुतेक माणसं इथे एकच चूक करतात. लाजेपोटी बँकेत जात नाहीत. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक खात्यात जातं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि त्यात पैसे भरले नाहीत तर कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणजे बोलणी करायचा खरा काळ ते पहिले ९० दिवस. तेव्हा मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने सवलत मिळवणं यावर बँक ऐकते. मंदीत जप्तीचं घर विकणं बँकेलाही जड जातं, हे ध्यानात ठेवून ताठ मानेने जावं.

ज्यांचं घर अजून बांधूनच झालेलं नाही, त्यांच्यावर भाडं आणि हप्ता असा दुहेरी भार असतो. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर विलंबाच्या काळाचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दराहून दोन टक्के जास्त धरतात. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या छोट्या प्रकल्पांना रेराची नोंदणी लागत नाही, आणि गावठाणाच्या कडेने उभ्या राहणाऱ्या कित्येक इमारती नेमक्या या मापाच्या असतात.

९. स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यासाठी

एकाची मंदी ही दुसऱ्याची संधी असते, आणि त्यात काही गैर नाही. पण वरचं सगळं आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. समजा हमरापूरच्या एखाद्या इमारतीत २५ लाखांचा फ्लॅट २० लाखांना सुटतोय. मालक तीन वर्षं देखभाल भरत नव्हता.

दोन हजारांप्रमाणे ३६ महिन्यांचे ७२ हजार. त्यावर २१ टक्के सरळ व्याज, सरासरी दीड वर्षाचं धरलं तर २२ हजार ६८० रुपये. गच्चीचं काम ठरलंय, त्यातला वाटा ३० हजार. हस्तांतर शुल्क ग्रामपंचायत हद्दीत २००१ च्या शासन आदेशानुसार जास्तीत जास्त ५ हजार. बेरीज १ लाख २९ हजार ६८० रुपये. ना-देय दाखला सौद्याआधी मागितला नाही, तर हे सगळं नव्या मालकाच्या दाराशी येऊ शकतं.

शिवाय चार कागद पाहावेत : भोगवटा प्रमाणपत्र, कारण ते नसेल तर कर्ज मिळायला अडतं, जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, आणि बिल्डर नाहीसा झाला असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे गेलाय का, सोसायटीचा शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, आणि त्याच अहवालात थकबाकीदारांची यादी. त्या यादीत चाळीसपैकी चौदा नावं असतील, तर पुढची देखभाल दोन हजार नव्हे, ३,०७७ धरूनच घर परवडतं का ते पाहा, आणि भाव ठरवताना तो फरक विकणाऱ्यापुढे मांडा.